पिठावरची माशी

दुपारी रोहिदासने पनवेलच्या इस्पितळातून पोराला घरी आणलं. रात्री ताप, पहाटे झटके, दहाच्या सुमाराला सगळं संपलं. मेंदूला सूज, डॉक्टर म्हणाले. स्वप्नील सहा वर्षांचा होता. त्याच वॉर्डात कशेळ्याकडची आणखी दोन मुलं बेशुद्ध पडून होती.

माती देऊन सगळे परतले. स्वप्नील निजायचा त्या जागी आजीने, अंबूबाईने, दिवा लावला. शेजारी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली झाकली. गेलेला जीव कशाच्या जन्माला गेला, ते सकाळी पिठातल्या खुणांवरून बघायचं असतं.

सकाळी तिने टोपली उचलली. पिठात सुईच्या टोकाएवढी टिंबं होती, कुणी उड्या मारत गेल्यासारखी. शेवटच्या टिंबावर वाळूच्या रंगाची बारीकशी माशी बसली होती. पंख उभे धरून. हात जवळ नेला तरी हलली नाही.

"आला रं माजा सोन्या," अंबूबाई म्हणाली.

तेवढ्यात आशाताई जया फवारणीवाल्यांना घेऊन दारात आली. पिठाकडे बघून थबकली.

"रोहिदासदादा, हीच ती वाळूमाशी. कुडाच्या भेगांत राहते. हिच्यापासूनच चांदीपुराचा ताप होतो. तिन्ही पोरांचं रक्त पुन्याला तपासायला गेलंय, पन डॉक्टरांना हिचाच संशय हाय. आजी, सरका."

"हात लावून तर बघ! नातू हाय तो माजा."

"अवो आजी, ऋतिका पन इथंच निजते ना?"

"मंग? भाऊ काय बहिनीला खातो? जा, लिव तुज्या वहीत, म्हातारी येडी हाय म्हनून."

जयाने रोहिदासकडे बघितलं. डॉक्टरांचं त्याला पटलं होतं. आईचंही पटत होतं. त्याने खराटा उचलला.

माशी उडाली. चार वर्षांची ऋतिका, आई नसलेली पोर, आजीच्या मागून पुढे आली होती. तिच्या उघड्या दंडावर माशी जाऊन बसली. पोरीने हात अजिबात हलवला नाही.

"बाबा, हळू," ती कुजबुजली. "दादा बसलाय."

रोहिदासचा हात वर होता, तो तसाच राहिला. जया ओरडली, पुढे धावली. अंबूबाई दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिली.

दुपारपर्यंत गावातली सगळी घरं फवारून झाली. रोहिदासचं तेवढं राहिलं.