लूथरची बाजू

"पावणेपाचशे वर्षांनी का होईना, मार्टिन लूथरला आज टूनगॅबीत न्याय मिळणार!" परदेशातल्या त्या उपनगरातल्या मराठी मंडळाच्या व्याख्यानात दत्तात्रयकाकांनी टेबलावर मूठ आपटली आणि त्यांचा चहा सांडला. "एवढा मोठा धर्मसुधारक आजारपणात गेला, आणि विरोधकांनी उठवलं की त्याने गळफास घेतला. लोकांनीही शहानिशा न करता पुढे सांगितलं. लाज वाटायला हवी!"

मागच्या रांगेतून मयूरा उठली. "काका, गेल्या गणपतीला मी फ्रोझन मोदक आणले, हे तुम्हीच पसरवलंत ना? पहाटेपासून उकडत होते मी. आणि यंदा नैवेद्याचं कामच काढून घेतलंत माझ्याकडून!"

"अगं, सगळेच म्हणत होते."

"मला विचारलंत?"

काकांनी घसा खाकरला.

"मयूरा, जरा फडकं आण बघू. चहा लूथरच्या फोटोकडे चाललाय."