मऊ केलेली स्टिक

रिमोटवरचं छोटं विमान पुन्हा वाळूत नाक खुपसून पडलं, तेव्हा सुंदररावांनी आपला थरथरणारा उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला.

"अहो, पुरे आता," घाटाच्या पायरीवरून नागलक्ष्मी म्हणाल्या. "विमानाला तरी दया दाखवा."

"शेवटचं एकदा. पडलं तर मुरलीला देऊन टाकीन."

नागलक्ष्मी हे धमकी म्हणून ऐकत नव्हत्या. नवरा खरंच देऊन टाकेल हे त्यांना ठाऊक होतं.

मेलकावेरी गावाखालच्या नदीच्या या कोरड्या पात्रात सुंदररावांनी कितीतरी मुलांना विमान उडवायला शिकवलं होतं. रिमोट दोन, एकमेकांशी जोडलेले. एक मुलाच्या हाती, एक त्यांच्या गळ्यात. मूल गडबडलं की ते मागच्या मागे ताबा घेत, विमान अलगद टेकवत आणि म्हणत, "तूच उतरवलंस. मी नुसता उभा होतो." मुरलीला आता मिशा फुटल्या, तरी पहिल्याच दिवशी आपण एकट्याने विमान उतरवलं, असं तो अजून छाती काढून सांगतो.

नात कीर्ती पंखावरची वाळू झटकत आली. "रिमोटची स्टिक फार तिखट आहे, ताता. बोट हललं की उडीच मारतं."

"माझं बोट हलायचं थांबतं कधी?"

ती हसली नाही. बारीक बटणं त्यांना आता दाबता येत नसत. तिने रिमोट घेतला.

"एक्स्पो वाढव," ते म्हणाले. "कडेचं तसंच राहू दे, मधलं तेवढं मऊ कर. बोट जरासं हललं तर विमानाला कळता कामा नये. चाळीस टक्के ठेव."

"साठ करते."

"अय्यो, साठ? वाऱ्यात ऐकायचं नाही ते."

"ऐकेल, ताता." तिने दोन्ही रिमोट पुन्हा एकमेकांशी जोडले, एक रिमोट त्यांना दिला, दुसरा सवयीने स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

विमान उठलं. हात थरथरत होता, पण पंख स्थिर होते. नारळांवरून त्याने संथ वळण घेतलं. उतरताना घाटाकडून वारा आला, विमान कलंडलं. सुंदररावांचं बोट आखडलं. स्टिक ओढायला उशीर झाला, असं त्यांना वाटलं. पण नाक वेळेवर उचललं गेलं आणि चाकं वाळूला हलकेच टेकली.

नागलक्ष्मींनी टाळी वाजवली. सुंदररावांचे डोळे भरून आले.

"बघितलंस? साठच हवं होतं! रविवारी नव्या मुलांना बोलाव. हात गेला म्हणून शिकवणं जात नाही."

"बोलावते."

"आणि वाऱ्यात तू सांगितलंस तस्सं ऐकलं गं त्याने!"

कीर्तीने गळ्यातला रिमोट काढला, घामेजलेले अंगठे परकराला पुसले.

"तुम्हीच उतरवलंत, ताता," ती म्हणाली. "मी नुसती उभी होते."