रुवैदाचं लग्न, तेवीस जीबी

"पुरेशी जागा नाही," असं संगणकाने चौथ्यांदा सांगितलं, तेव्हा हनीनने कपाळावर हात मारला.

विद्यार्थ्यांच्या सवलतीत घेतलेली ही नवी सिस्टिम आज संध्याकाळी सहाच्या आत चढली नाही, तर तिचा कोड बाद होणार होता. जुन्या सिस्टिमवर नवं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर चालत नाही. म्हणजे रविवारी विद्यापीठात दाखवायचा पुलाचा आराखडा हनीनच्या डोक्यातच राहणार. सकाळपासून तिने सगळं करून पाहिलं होतं. अँटिव्हायरस बंद केला, प्रिंटरची वायर काढली, मदतकेंद्रातल्या एका अतिसभ्य माणसाशी तासभर चॅट केलं. त्याने शेवटी एवढंच लिहिलं: वीस जीबी जागा मोकळी करा. शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे जॉर्डनच्या या इर्बिद शहरातली संगणकाची दुकानं बंद होती, नवी डिस्क मिळण्याची सोय नव्हती.

"वीस जीबी पाहिजेत," हनीनने घरात जाहीर केलं. "कोण काय काढतंय, बोला."

"माझ्या मक्केच्या उमरा यात्रेच्या व्हिडिओंना हात लावशील तर पाप लागेल," बाबा म्हणाले. त्या व्हिडिओंत निम्मा वेळ विमानतळावरची रांगच होती, पण पाप ते पाप.

"आणि माझ्या नातवाचे फोटो जाता कामा नयेत," आई, उम्म गस्सान, म्हणाली. नातू कॅनडात होता.

"आई, एकाच दाताचे दोनशे फोटो आहेत!"

"पहिला दात होता तो."

हनीन यादी खाली खाली सरकवत गेली. अगदी तळाशी एक फोल्डर होतं: 'रुवैदाचं लग्न'. तेवीस जीबी. मेंदीची रात्र, हॉल, केक, सगळं. तिने बाण त्याच्यावर नेला आणि चटका बसल्यासारखा वर घेतला. बाबांना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसायला लागलं. आईला चहाची आठवण झाली.

रुवैदा आत्या तिथेच जमिनीवर परात घेऊन द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती. लग्न मोडून ती भावाकडे परतली, त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात त्या माणसाचं कोणी नाव घेतलं नव्हतं, आणि त्या फोल्डरला कोणी हात लावला नव्हता.

"तळाशी काय आहे गं?" आत्याने विचारलं.

"काही नाही, आत्या."

"मला चष्मा लागलाय, आंधळी नाही झाले. किती आहे ते?"

"तेवीस."

"मग काढ की! बघत काय बसलीस?"

बाबा खाकरले. "रुवैदा, तुझी आठवण आहे ती. आम्ही तुझ्यासाठी जपून ठेवली."

आत्याच्या हातातलं पान अर्धवट गुंडाळलेलं राहिलं. "माझ्यासाठी? मला वाटलं, वहिनीला हवंय! अख्ख्या व्हिडिओत तीच तर नाचतेय."

"मला?" उम्म गस्सान म्हणाली. "अगं, त्यातला माझा तो हिरवा झगा आठवला तरी मला लाज वाटते!"

तिघं एकमेकांची तोंडं बघत राहिली. नऊ वर्षं प्रत्येकजण दुसऱ्याचं मन राखत होता, आणि एकानेही एकदा तोंड उघडून विचारलं नव्हतं. अशा माणसांचा राग येतो, आणि राहावंसं तर त्यांच्यातच वाटतं.

हनीनने फोल्डर काढून टाकलं आणि पुन्हा सुरुवात केली. सगळे संगणकाभोवती गोळा झाले.

पुरेशी जागा नाही.

"हां, ते अजून कचरापेटीत आहे," हनीन म्हणाली. "तिथून जाईपर्यंत जागा सुटत नाही."

"म्हणजे तलाक झाला, पण त्याचं सामान अजून घरातच," आत्या म्हणाली.

बाबा फस्सकन हसले, मग त्यांनी घाबरून बहिणीकडे पाहिलं. ती त्यांच्याआधीच हसत होती.

कचरापेटी रिकामी करताना पडद्यावर प्रश्न आला: हे कायमचं जाईल. नक्की काढायचं? हनीनने हात मागे घेतला.

"आत्या, हे तू दाब."

आत्या उठली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत तेलात माखले होते. ती पडद्यापाशी वाकली आणि प्रश्न सावकाश वाचला.

"निकाह लावणाऱ्या शेखनेही मला असंच विचारलं होतं," ती म्हणाली. "तेव्हाचं माझं 'हो' माझं मलाच ऐकू आलं नाही. बिचाऱ्याला तीनदा विचारावं लागलं."

मग करंगळीच्या टोकाने तिने बटण दाबलं आणि ओरडली, "हो!"

हनीनने सिस्टिम पुन्हा चढवायला घेतली. काही वेळ पडद्यावरचं चक्र नुसतंच गरगरत राहिलं. मग एक टक्का आला. मग दोन.

"चाललं!" हनीनने उडी मारली. "आत्या, चाललं!"

आत्याने तेलकट हात ओठांशी धरला आणि जीभ नाचवत लांबलचक आरोळी ठोकली, लग्नघरात बायका ठोकतात तशी. नऊ वर्षांत अनेक लग्नांना ती गेली होती, पण ही आरोळी तिच्या तोंडून निघाली नव्हती. उम्म गस्सानने डोळे पुसले आणि वहिनीच्या नात्याने तीही ओरडली.

वरच्या मजल्यावरून लगेच तशीच आरोळी परत आली. पाठोपाठ शेजारणीचा आवाज.

"मबरूक गं, मबरूक! कुणाचं ठरलं?"

आत्याने कोपराने खिडकी ढकलली आणि मान बाहेर काढली.

"कुणाचंच नाही, उम्म राएद! घरात जागा झाली. पानं होतच आलीत, जेवायला या!"