उभं-आडवं

दीपमालाने एंटर मारला आणि नवसाबाई समुद्रात पडल्या.

एकट्या नाही. बेचाळीस म्हातारी माणसं एकदम पडली. द्वारका चौकाजवळच्या एका धर्मादाय नेत्रालयात, पहिल्या मजल्यावर, भर सकाळी. संगणकाच्या पडद्यावर नुसती काळी पाटी होती, ना चित्र ना बटण. नकाशावरच्या ठिपक्यांचे आकडे त्या पाटीला द्यायचे, एक ओळ टाइप करायची, की ठिपका गाव, रस्ता, तालुका अंगावर चढवून पत्ता होऊन उभा राहायचा. आज मात्र प्रत्येक नावापुढे एकच पत्ता होता : बॅरेंट्स समुद्र.

"हा कुठं आला?" शेजारी बसलेल्या कारभारी काकांनी विचारलं.

"नॉर्वेच्याही वर, काका. बर्फाकडे."

"नवसा तिकडं कधी गेली? तिला हरसूलच्या बाजाराला जायचं तरी हाताला धरून न्यावं लागतं."

नवसाबाई ही त्यांची बहीण. हरसूलच्या डोंगरात एकटी राहते. तिथं फोन लागत नाही. एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन उद्या. डॉक्टर परवा निघणार, ते वर्षभराने उगवणार, आणि तो डोळा काही वर्षभर थांबणारा नव्हता. म्हणून काका सकाळपासून तिथून हलले नव्हते. जिन्यात ड्रायव्हर गोरक्ष किल्ली फिरवत उभा होता. यादी हातात पडली की तो पेशंटना आणायला निघणार होता.

"मॅडम, समुद्रात गाडी घालायची असंल तर आत्ताच सांगा, टायर बदलतो."

दीपमालाने पाड्यापाड्यांवर फिरून नोंदी करणाऱ्या रोशनीला फोन लावला.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना, आकडे उभं-आडवं लिही?" रोशनी म्हणाली. "मग उभ्या रेषांचा आकडा आधी लिहिला, आडव्यांचा नंतर. उभ्या म्हणजे रेखांश. शाळेत तसंच होतं."

शाळेत तसंच होतं खरं. आणि यंत्राला आधी अक्षांश लागत होता. विसाच्या जागी त्र्याहत्तर गेले, त्र्याहत्तरच्या जागी वीस, आणि अख्खा डोंगर उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागला.

दीपमालाने कपाळावर हात मारला नाही. तेवढा वेळ नव्हता. तिने दोन्ही रकान्यांची अदलाबदल करणारी एक ओळ लिहिली, एंटर दाबला, आणि बेचाळीस माणसं पाणी झटकून आपापल्या तालुक्यात परत आली. काकांना चहाचा घोट गिळायलाही सवड मिळाली नाही.

"आयला!" काका उभेच राहिले. एकतीस वर्षं त्यांनी त्या डोंगरात पायी टपाल वाटलं होतं. एकदा वाघाने आपल्याला वाट सोडली, असं ते सांगत. वाघ काही कधी नाही म्हणायला आला नाही. "बसल्या जागी? चप्पल न झिजवता?"

पण नऊ नावांपुढे लिहिलं होतं : अनामिक रस्ता, हरसूल. त्यात नवसाबाई होत्या.

गोरक्षने मान वाकडी केली. "अनामिक रस्त्यावर नऊ म्हाताऱ्या. मी हॉर्न वाजवत फिरू का?"

दीपमालाने आणखी एक ओळ टाइप केली. यंत्राने नऊ नावांपुढे बाजाराच्या चौकापासूनचं अंतर आणि दिशा मांडली. नवसाबाई : चार किलोमीटर दोनशे मीटर, ईशान्य.

काकांनी पुन्हा खुर्चीत बसून डोळे मिटले. बोटं मांडीवर चालायला लागली. खाली सिग्नल तीनदा सुटला, हॉर्नचा कल्लोळ झाला, काका चालतच होते.

"सहा हजार पावलं," ते डोळे न उघडता म्हणाले. "नवसाच्या उंबऱ्यापर्यंत सहा हजार तीस. तुझं यंत्र तीस पावलं अलीकडं थांबलं, पोरी."

"तिथं काय आहे?"

"लंगडं जांभूळ. रोशनी तिथंच बसली असंल टेकून, आकडे टिपत. सगळेच टेकतात." त्यांनी डोळे उघडले आणि पडद्याकडे असं पाहिलं, जसं एक चालणारा दुसऱ्या चालणाऱ्याकडे पाहतो. "लय चाललंय हे. लय म्हणजे लय. लिही."

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. लंगड्या जांभळाखाली. दोन चुलींचं घर. देवाने पाठ फिरवलेला उतार. कुत्रं भुंकत नाही ती झोपडी. त्या नऊ नावांची वेगळी यादी तिने यंत्राच्या हाती दिली आणि पुन्हा एंटर मारला. 'अनामिक' हा शब्द पडद्यावरून पार पुसला गेला.

प्रिंटर खडखडला. गोरक्षने यादी वाचली, "कुत्रं भुंकत नाही?" असं स्वतःशीच म्हणत हसला आणि एका दमात जिना उतरला. गाडी त्र्यंबक रस्त्याच्या दिशेने गेली.

काका मात्र उठेनात.

"आता काय, काका?"

"तो पहिला पत्ता हाय का अजून? समुद्राचा?"

"तो चुकलेला होता."

"ठाऊक हाय. नवसापुरता काढून दे. मोठ्या अक्षरात."

दीपमालाने कागद काढून दिला. काकांनी तो टपालासारखा घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात दाबला.

"चौथी शिकलीय ती. दोन वर्षं झाली, अक्षर दिसलं नाय तिला," ते म्हणाले. "पट्टी सुटली की पहिलं हेच वाचू दे. जन्मात तिनं समुद्र पाह्यला नाय."