पायाखालचं ठिगळ

"थांबा, कापू नका!" वसुंधरा ओरडली.

दयारामने चावी पिळून गॅसची ज्योत विझवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. रिसालीतल्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते. मध्येच ओरडणारं गिऱ्हाईक त्याला मुळीच खपत नसे. त्यातून हे काम तिनेच काढलेलं. जुन्या पिकअपमध्ये बसलं की तिच्या टाचा टेकत नसत, म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचा खालचा पत्रा कापून चार बोटं उंच करायचा होता.

"आता काय झालं?"

"हे ठिगळ. हे कोणी लावलं?"

रबराची चटई नुकतीच उचलली होती. गंजलेल्या पत्र्यावर तळहाताएवढा एक चौकोनी तुकडा पक्का जोडलेला होता आणि त्यावर काळा रंग फासला होता.

पिकअप तिच्या वडिलांची, मारोतरावांची. अकरा वर्षांपूर्वी, शहात्तर साली, एका सकाळी त्यांनी याच गाडीतून तिला शाळेत सोडलं आणि ते परत आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी दुर्ग स्टेशनबाहेर सापडली. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला; बाई ठेवली होती, तिच्यासोबत पळाला, असं लोक उघड म्हणू लागले. आई, अंजनाबाई, तेव्हापासून कपाळाला कुंकू लावून खाली मान घालून चालत होती. गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. आईचे पापड पोलाद प्लांटच्या कॉलनीतल्या सेक्टरांमध्ये पोचवायला गाडी हवी, असं वसुंधरा सगळ्यांना सांगत होती. खरं म्हणजे तिला एकच गोष्ट छळत होती. बाबा आपल्याला टाकून गेले, की त्यांचं काही बरंवाईट झालं?

"त्या दिवशी सकाळी इथे भोक होतं," ती म्हणाली. "मी बाबांच्या पायाशी वाकून त्यातून रस्त्यावर चिंचोके टाकत होते. बाबा म्हणाले, आजच बुजवून घेतो, नाहीतर एक दिवस तूच पडशील."

दयारामने हातातलं फडकं उगाच दोनदा झटकलं.

वसुंधराला संशय आला. बाबा आपली गाडी दयारामशिवाय कोणाला हात लावू देत नसत. आणि दयारामने तेव्हा पोलिसांना सांगितलं होतं की मारोतराव त्या दिवशी आपल्याकडे फिरकलेच नाहीत.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. शेषरावकाका आले, आणि तिला हायसं वाटलं.

काका प्लांटमध्ये वेल्डर, राहायला सेक्टर दोनमध्ये, बाबांचे जिवलग दोस्त. बाबा गेल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली, पण काका फिरले नाहीत. तिचं अभ्यासाचं लोखंडी स्टूल त्यांनी केलेलं, आईच्या तुळशीचा स्टँडही त्यांचाच. दोन्हींवर त्यांचा ४१७ नंबर ठोकलेला. स्टुलाखालचे ते आकडे बोटाने चाचपत तिने पाढे पाठ केले होते. शेषरावभाऊजींची वस्तू चोरी गेली तर चोर लगेच सापडेल, असं आई हसून म्हणायची. या गाडीचा पत्राही आपणच कापणार आणि आपणच जोडणार, असा काकांनी हट्ट धरला होता. दयारामला तो अपमान वाटला, म्हणून त्याने आज काकांची वाट न पाहता कामाला हात घातला होता.

उचललेली चटई पाहून काका दारातच थांबले.

"मी म्हटलं होतं ना, मी येईपर्यंत हात नोका लावू म्हणून?"

वसुंधराने त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. काकांनी रुमालाने मान पुसली.

"पोरी, त्या दिवशी मी नागपूरले होतो, साळ्याच्या लग्नात," ते हळूच म्हणाले. "नाही तं मारोतले एकट्याले जाऊ देलं असतं का मी? पण याच्या तोंडाकडं पाह्य जरा. कसा घाबरून राहिला."

"पोलिसांत जाऊ, काका?"

"अकरा वर्षानं पोलिस काय करन? तुह्या मायले धसका बसन तो वेगळाच. मी हे कापून फेकतो. विसरून जा."

त्यांनी छिन्नी-हातोडा उचललाही. वसुंधरा गाडीच्या दारात आडवी उभी राहिली.

"नाही, काका. बाबांचं एवढंच उरलंय."

मग ती दयारामकडे वळली. "दयारामभाऊ, खरं सांगा. हे तुम्हीच लावलं ना?"

दयारामने ठिगळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी गॅसवाला माणूस, बाई. हे बिजलीच्या वेल्डिंगचं काम होय. माह्याकडं तवा मशीनच नव्हती."

"झूट बोलून राहिला!" काका गरजले.

"झूट कावून बोलू?" दयाराम वाकला आणि त्याने तारेचा ब्रश उचलला. "हे प्लांटवाल्याचं काम दिसते. जोड देला की बाजूले आपला नंबर ठोकतात ते लोक. हाताले आदतच राह्यते. पाहूनच घेऊ कोणाचा आहे तं."

"राहू दे रे," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

ब्रश फिरू लागला. काळा रंग पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटला. आधी ४ निघाला, मग १. पुढचा सात वसुंधराने डोळे मिटून बोटानेच चाचपला, लहानपणी चाचपायची तसा.