भुरीचं दार

मांजरीसाठी दाराला पाडलेलं भोक वरच्या अंगाला आलं होतं. दार चौकटीत उभं केल्यावरच ते वामनराव, त्याची बायको आणि मिस्त्री, तिघांच्या ध्यानात आलं. वीतभर रुंद, कडा घासूनपुसून गुळगुळीत केलेलं सुबक भोक, आणि ते वामनरावाच्या कपाळाच्याही वर. त्यातून मांजर काय, फार तर चिमणी आत आली असती.

बळीराम मिस्त्री नुसता बघत राहिला. बावीस वर्षं रंधा मारलेला माणूस! पण दार काढून कडुनिंबाखाली दोन स्टुलांवर आडवं टाकताना वरचं टोक कुठलं नि खालचं कुठलं याचा घोळ झाला, आणि त्याने बोलण्याच्या नादात नेमकी तिथंच करवत घातली. त्यात दार बिजलीघराच्या क्वार्टरचं, म्हणजे आपल्या मालकीचंही नाही.

वामनरावाला हसू यायला हवं होतं, पण हसायलाही अंगात जोर लागतो. आठ दिवस तो रात्रपाळी करून येत होता आणि दिवसा त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भुरी मांजरीने त्याच्याच खाटेखाली, ट्रंकेमागे, तीन पिल्लं घातली होती. दार उघडं ठेवावं तर मे महिन्याच्या झळा आत, आणि गल्लीतली कुत्री पिल्लांवर टपलेली. लावून घ्यावं तर भुरी बाहेरून नखांनी दार खरवडणार. आत आली की बाहेर जायला खरवडणार. आणि खरवडणं थांबलं की दार करकरणार. दिवसभर दारात तुझं काय चाललंय, असं तो बायकोला, शामलाला, दोनदा खेकसलाही होता. 

काल रात्री बॉयलरपुढे त्याची मान पडली. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली उतरत होतं आणि हा हनुवटी छातीला लावून घोरत होता. सोबतच्या गोविंदाने दंड धरून हलवलं नसतं तर बॉयलर फुटून काय झालं असतं, तेच सकाळपासून त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. तिथे पाळीला आठ माणसं असतात. आज पुन्हा तिथंच जाऊन बसायचं होतं, आणि इथे बळीरामने चिमणीसाठी भोक पाडून ठेवलं होतं.

पिल्लं मौद्याला साळ्याच्या शेतात सोडून येतो, असं तो घरी आल्या आल्या म्हणाला खरा. थैलीही काढली. पण पिल्लांचे डोळे कालच उघडले होते. त्याने थैली परत खुंटीला अडकवली.

बळीराम म्हणे, खाली दुसरं भोक पाडून देतो. दोन भोकांचं दार पाहून साहेब काय म्हणेल, असं वामनरावाचं चाललं होतं. एवढ्यात आतून शामला म्हणाली, "दारच उलटं बसवा न. वरचं खाली."

बळीरामने वामनरावाकडे पाहिलं, वामनरावाने बळीरामकडे. मग दोघांनी गुपचूप बिजागऱ्या काढल्या.

दाराची बाहेरची बाजू आत आली, कडीची जागा बदलावी लागली, पण भोक जमिनीपासून चार बोटांवर आलं. बळीरामने त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वरच्या कडेला बारीक चुका ठोकून लोंबता बसवला. फळी लावली तर दर वेळी खट्ट वाजेल, रबर मुकं राहील, हे डोकं मात्र त्याचं. त्याचीही थोडी लाज राखायला हवी.

भुरी आली, रबर हुंगलं, आणि पाठ करून पंजा चाटत बसली. शामलाने आतून रबर उचलून दाखवलं, चुचकारलं. वामनरावाने मांजरीपुढे हात तेवढे जोडायचे बाकी ठेवले होते. मग खाटेखाली एक पिल्लू बारीक आवाजात रडलं. भुरी उठली, रबराला डोकं लावलं आणि सुळकन आत गेली. खरवडणं नाही की करकर नाही. रबर दोनदा हललं आणि थांबलं.

"जमलं गा," असं म्हणून बळीराम निघाला, चहालाही थांबला नाही.

वामनराव पडल्या पडल्या झोपला. जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती, नळाची वेळ झाली होती. डोळ्यांतली जळजळ गेली होती. आज रात्री काचेतलं पाणी आपल्याला नीट दिसणार, या विचाराने त्याला फार हलकं वाटलं.

शामलाला हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला. ती दाराशी भिंतीला टेकून, पाय पसरून गाढ झोपली होती. खाली पोतं अंथरलेलं. बसून बसून त्याला खळगा पडला होता. बाजूला पाण्याचा तांब्या आणि निवडायला घेतलेले तांदूळ. ही काही एका दिवसाची बैठक नव्हती. भुरी तिच्या पायांवरून ओलांडून बाहेर गेली, तरी तिची पापणी हलली नाही.

म्हणजे करकर व्हायची ती यामुळे. भुरीने दुसरं नख मारायच्या आत ही कडी काढायची. आठ दिवस, भर दुपारी, डुलकीसुद्धा न घेता. आणि वर आपलं खेकसणं ऐकून घेतलं. वामनरावाला स्वतःची लाज वाटली. पण तिला झोप लागलेली पाहून जिवाला बरंही वाटलं.

बादली वाजू नये म्हणून काखेत धरून तो बाहेर पडला. नळ दारापासून दहा पावलांवर. तिथे बायांचा कलकलाट चालू होता. पुरुषमाणूस पाण्याला आलेला पाहून शेजारच्या प्रयागबाईंनी विचारलं, "काहून वामनराव, शामला बरी नाही का?"

"बरी हाय, काकू. आठ दिवसाची झोप काढून राहिली," तो म्हणाला. "जरा हळू बोला."

बाया गप्प झाल्या. त्याने बादली नळाखाली ठेवली, आणि रिकाम्या बादलीत पाणी वाजू नये म्हणून धारेखाली हात धरून उभा राहिला.