चमच्यांची गाडी

"हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, साहेब," थोरली जाऊ म्हणाली. "असली गणितं आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. तो रद्द करा, एवढंच मागणं आहे."

न्यायाधिकरणाच्या त्या खोलीत पंखा सगळ्यांसाठी होता, वारा मात्र अध्यक्षांनाच लागत होता. सरकारी नोकरांच्या बढत्यांची भांडणं कोर्टात न जाता इथे यायची. खात्याच्या परीक्षेत न्यायाधिकरणांचं काम काय, असाही एक प्रश्न होता. तो थोरलीला आला होता, आणि आता उपयोगीही पडला होता.

अडला होता तो आगगाडीचा. दोनशे मीटर लांबीची गाडी, तीनशे मीटरचा फलाट, ताशी नव्वद किलोमीटर वेग. फलाट पूर्ण ओलांडायला किती सेकंद? धाकट्या जावेने वीस लिहिलं, थोरलीने बारा. त्या एका गुणाने मुख्य लिपिकाची जागा धाकटीकडे गेली. प्रश्न रद्द झाला तर दोघींचे गुण सारखे होणार होते, आणि मग जी नोकरीत जुनी तिला जागा, असा नियम होता. थोरलीने तो तोंडपाठ केला होता.

धाकटी समोरच्या बाकावर बसली होती, मांडीवर दोन डबे घेऊन. सकाळी थोरली एक शब्द न बोलता आधीच्या बसने निघून आली, तर हिने तिचाही डबा भरून आणला होता. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धड रागवूसुद्धा देत नाही ही बया! लग्न होऊन आल्यापासून हेच. सासूबाईंना चहा हिच्याच हातचा लागतो. थोरलीच्या पोटच्या मुलांना अभ्यासाला काकूच हवी. परीक्षेलाही ही नेमकी पुढच्या बाकावर. मान वर न करता भराभर लिहीत होती. तिच्या हलणाऱ्या कोपराकडे बघता बघता थोरलीचं स्वतःच्या गणितावरचं लक्षच उडालं होतं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि ते धाकटीकडे वळले. "कुणी शिकवलंच नव्हतं, तर मग तुम्हाला कसं आलं?"

"ताईंनी शिकवलं ना," धाकटी उठून पटकन म्हणाली. "म्हणजे या माझ्या जाऊबाईंनी. जेवणाच्या टेबलावर. ट्रे म्हणजे फलाट, आणि एकामागे एक चमचे लावून गाडी. शेवटचा चमचा ट्रेच्या बाहेर पडेपर्यंत ढकलत राहायचं. गाडीची स्वतःची लांबी मिळवायला विसरलीस तर मार खाशील, असं म्हणाल्या होत्या."

मागे कुणीतरी खुसखुसलं. आपण काय बोलून बसलो ते लक्षात येताच धाकटीने जीभ चावली.

"खरं आहे हे?" अध्यक्षांनी थोरलीला विचारलं.

नाही म्हणणं एका शब्दाचं काम होतं. धाकटीने ते खोडून काढलं नसतं. उलट, थोरलीने नाही म्हणावं म्हणूनच ती खाली मान घालून डब्याच्या कडीशी चाळा करत होती. तिचे तेवढे उपकारही थोरलीला सोसवेनात.

"हो, मीच शिकवलं," ती म्हणाली. "पण हिला येईल असं वाटलं नव्हतं."